जयंताची पश्चिम

जयंता गेल्याची बातमी मला मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात कळली. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. होड्या आता किनाऱ्याला ओढणार, मग दोन महिने सुक्या बांगड्यावर काढायचे, म्हणून शेवटच्या सुरमईसाठी मी अगदी रंगात येऊन घासाघीस करत होतो. मासेवाली ओळखीची. तिनं माझं सगळं भाषण ऐकून घेतलं, सुरमईवर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "भांडीवाले शेट गेले म्हनतात पहाटे. तुमचे दोस्त ना ते? नि तुमी हितं सुरमय बघताव?"

खरं सांगतो, पहिल्यांदा दुःख झालं नाही. पहिल्यांदा हेवा वाटला. ज्या माणसानं उभ्या जन्मात मासळी बाजाराचा वारा अंगावर घेतला नाही, त्याच्या जाण्याची बातमी मासेवालीला माझ्या आधी कळावी? आणि मी, पहिलीपासून त्याच्या बाकावर बसलेला, सगळ्यांच्या मागून? माझा फोन घरी चार्जिंगला होता आणि चंदनवहिनींनी सगळ्यात पहिला फोन मलाच केला होता, हे नंतर कळलं. पण हेव्याला असले पुरावे चालत नाहीत.

रिकामी पिशवी हँडलला अडकवून मी स्कूटर बाजारपेठेकडे वळवली. त्याच्या जिन्याखाली पोचल्यावर ध्यानात आलं, की पिशवीला वास आहे, माझ्या हातांना वास आहे, आणि या जिन्यावर मी असा कधी चढलेलो नाही. खालच्या नळावर हात धुतले, पुन्हा धुतले, पिशवी समोरच्या शिंप्याच्या खुंटीला टांगली. वर गेलो तर दारात चंदनवहिनी, जयंताची बायको. "या दिनूभाई," एवढंच म्हणाल्या आणि कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. उकळून निववलेलं पाणी. त्या घरात पाणी नेहमी तसंच असायचं, किंचित कोमट, चवीला बेचव... तो घोट घशाखाली गेला आणि मग दुःख झालं.

जयंता म्हणजे जयंतीलाल. त्याच्या आजोबांनी काठेवाडातून येऊन रत्नागिरीच्या बाजारात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान टाकलं. जयंता त्या दुकानाच्या माडीवर जन्मला, तिथंच वाढला आणि तिथंच गेला. घरात गुजराती, आणि जिना उतरला की आमच्यासारखीच हेल काढून बोललेली मराठी. माझं घर मांडवीला, त्याच्या घरापासून थेट पश्चिमेला. तोंडात टाकलेलं पान संपेपर्यंत चालत पोचायचं, एवढं अंतर. मी बडबड्या, तो गप्प. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी राजा आणि तो विंगेत संहिता धरून उभा. पुढं मी बँकेत चिकटलो, तो गल्ल्यावर बसला, पण ही विभागणी काही बदलली नाही. गावातल्या हौशी नाटकमंडळीत मी नट आणि तो प्रॉम्प्टर. मला कुठलंच वाक्य धड पाठ नसायचं, त्याला सगळ्यांची सगळी पाठ. मी अडखळायच्या आत उजव्या विंगेतून त्याचा आवाज यायचा. आयुष्यभर रंगमंचावर मी जे काही टाळ्या घेणारं बोललो, ते आधी जयंता हळू आवाजात बोललेला आहे.

आमच्या दोघांत तिसरं कुणी नव्हतं. म्हणजे बायका होत्या, पण त्यांची अडचण नव्हती. अडचण होती नियमांची. एखाद्याचा मित्र दारूच्या नादाला लागतो, एखाद्याचा राजकारणाच्या. माझा मित्र संयमाच्या नादाला लागला. दारू सोडवायला डॉक्टर असतात. संयम सोडवायला माणसाला कुठं न्यायचं?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्हाला वाटतं, जैनांचा संयम म्हणजे साधूंनी एकदाच मारायची मोठी उडी. तसं नाही. गल्ल्यावर बसणारा संसारी माणूससुद्धा रोज सकाळी हात जोडून ठरवतो, की आज मी किती पदार्थ खाणार, काय नेसणार, कुठल्या वाहनात बसणार, आणि कुठल्या दिशेला कुठवर जाणार. याला ते म्हणतात नियम धारणं. जेवढं ठेवलं त्याची जयणा. जयणा म्हणजे मोकळीक, पण जपून वापरायची. बाकी सगळ्याचा त्याग. संध्याकाळी आठवून बघायचं, कुठं चुकलं का, आणि उजाडलं की परत नवं. हे मी इतक्यांदा ऐकलंय की प्रसंग पडला तर मीही प्रॉम्प्ट करीन.

कॉलेजात असताना तो आमच्यातलाच होता. प्रयोग झाला की स्टँडसमोर भजी, कांद्याची, आणि वर चहा. वडील गेले आणि त्यानं पहिली गोष्ट सोडली, ती सूर्य बुडाल्यावरचं खाणं. पाणीसुद्धा. झालं, भजी गेली. पाठोपाठ कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं सगळंच गेलं, म्हणजे दिवसाची भजीही गेली. मग अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी गेली. मी हे सगळं लांबून बघत होतो असं समजू नका. यातली प्रत्येक वस्तू आम्ही दोघं मिळून खात होतो. तो सोडत होता आणि अर्धी माझी जात होती.

वर कौतुक कुणाचं? त्याचं. एका वर्षी आमच्या नाटकाला स्पर्धेत बक्षीस मिळालं. मला अभिनयाचं मिळालं, हे मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवशी कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. जेवण आमच्याकडे. मी नवा झब्बा घालून पंगतीच्या मधोमध बसलो. जयंता सूर्यास्ताआधीच जेवून आला होता, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला. जरा वेळानं बघतो तर पंगतीची तोंडं सगळी कोपऱ्याकडे. आमची नायिका हातातला घास तसाच धरून विचारतेय, "पाणीसुद्धा नाही, जयंताभाई? तीन अंक प्रॉम्प्टिंग करून? घसा सुकत नाही?" आणि हा म्हणतोय, "सुकतो की. सकाळी ओला होतो." त्या वाक्यावर माझ्या स्वगतापेक्षा जास्त दाद मिळाली. मी त्या दिवशी एक गोष्ट शिकलो. पंगतीत जो जेवत नाही, पंगत त्याची असते.

घरात तर विचारूच नका. माझी बायको शुभा, जी मला दुसरा चहा देताना कपाळाला आठ्या घालते, ती जयंता यायचा म्हणून दुपारी चारला चूल पेटवायची. त्याच्यासाठी वेगळा तवा, वेगळी कढई, दोन्ही त्याच्याच दुकानातून आणलेली. नारळाच्या रसाबरोबर घावनं, काकडीचं सांदण. पाणी उकळून, निववून, झाकणाच्या तांब्यात भरून पडवीत तयार. मी म्हटलं, "मला पण घाल एखादं घावन," तर म्हणायची, "तुम्ही थांबा हो. तुमच्यामागे काय सूर्य लागलाय?" माझं माशाचं कालवण तो जाईपर्यंत फोडणीलासुद्धा पडत नसे. तो मात्र पडवीतल्या त्याच्या वेताच्या खुर्चीत बसून, एक डोळा समुद्रावर उतरणाऱ्या सूर्यावर ठेवून, सावकाश जेवायचा. शेवटचा घोट प्यायचा, हात जोडायचा. दिवस मिटला.

एकदा मी ठरवलं, आपणही मैदानात उतरायचं. त्यांच्यात आर्द्रा नक्षत्र लागलं की आंबा बंद. म्हणजे जूनचा तिसरा आठवडा. मी कलमंवाला माणूस, चार पिढ्यांची हापूसची बाग, त्यामुळे या नियमाबद्दल मला मत असणं भाग होतं. मी त्याला म्हटलं, "जयंता, मृग सरत आला, बागा उतरल्या, पेट्या मुंबईला जाऊन खाऊन झाल्या. रत्नागिरीत आर्द्राला आंबा सोडणं म्हणजे टक्कल पडल्यावर केस सोडणं."

"चालतं," तो म्हणाला. "त्याचंही फळ आहे."

"जे नाहीच ते सोडण्याचं?"

"तुझ्या वरच्या खोलीत तू जातोस का रे कधी?"

"नाही. का?"

"तिथला दिवा चालू ठेवलास तर बिल येतं की नाही? जा नाहीतर नको जाऊ. जे तू सोडलं नाहीस ते चालूच आहे, आणि त्याचं पाप तुला लागतं. मनानं तू तिथं आहेस. मी सिंहाचं मांस कधी बघितलंसुद्धा नाही, पण सोडलंय."

"सिंहाला कळवलंस का?"

"कळव तू. बरं वाटेल त्याला."

त्या वर्षी मीही आर्द्राला आंबा सोडला. आळीत, बँकेत, नाटकाच्या तालमीत, सगळीकडे जाहीर करून सोडला. आठवडाभर मी इतका पवित्र चेहरा करून हिंडत होतो, की शुभानं विचारलं, पोट बिघडलंय का. आणि मग एका दुपारी पाऊस कोसळत असताना तिनं डब्यातून आंबापोळी काढली आणि मी बोलता बोलता अर्धी संपवली. संध्याकाळी जयंतापुढं मी जोरदार बाजू मांडली. आंबापोळी म्हणजे आंबा नव्हे, तो उन्हाचा पदार्थ आहे, शिवाय ती मे महिन्यात वाळवलेली, म्हणजे आर्द्राच्या आधीची. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मोडला," म्हणाला. "परत घे." मी म्हटलं, एकदा मोडला तो मोडला. तर म्हणतो, "भांड्याला पोचा आला म्हणून भांडं फेकतं का कोण? ठोकून सरळ करायचं." मी काही परत घेतला नाही. उरलेली आंबापोळीही खाऊन टाकली. पण मला सारखं वाटत राहिलं, की त्या नियमाबरोबर जयंताचं जे काही गूळपीठ आहे, त्यात मला कुणी घेत नाही.

आता पुलाची गोष्ट. मालगुंडला आमचा प्रयोग होता. सामान आणि मंडळी टेंपोतून पुढं गेली, मी आणि जयंता माझ्या स्कूटरवर मागून. शिरगाव मागं टाकलं, साखरतरचा पूल समोर आला, आणि मागून माझ्या खांद्यावर थाप पडली. "दिन्या, थांबव." मला वाटलं, लघवीला लागली असेल. हा उतरला, पुलाच्या अलीकडे उभा राहिला आणि म्हणाला, "माझा घोटाळा झाला. प्रयोग उद्या आहे असं सकाळी डोक्यात होतं. आज उत्तरेला मी पुलापर्यंतच धारलंय."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध स्कूटर लावून हात जोडले, विनवलं, शिव्या घातल्या. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना. विसरून पार गेलो असतो तर वेगळं होतं. आता आठवलं."

"अरे, उद्या प्रायश्चित्त घे."

"चोरी ठरवून करायची आणि पोलिसाला आधी सांगून ठेवायचं, असं ते होईल."

संहिता त्यानं माझ्या हातात दिली. डबा काढला, कारण ऊन उतरायला लागलं होतं, आणि पुलाच्या कठड्यावर बसून माझ्यादेखत पुरी तोडली. मी चिडून किक मारली तेव्हा पाठीमागून म्हणाला, "दुसऱ्या अंकात ती खोलीतून निघून जाते, तिथं तू नेहमी अडकतोस. उजवीकडे बघू नकोस. मी नसेन."

मी अडकलो. उजवीकडे बघितलं. तिथं मालगुंडचे एक मास्तर दुसरंच पान उघडून माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी तसाच उभा राहिलो, गळा दाटल्यासारखा, किती वेळ कोण जाणे, आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी हे ऐकून जयंता खुर्चीत डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मी हसलो नाही. मला त्या पुलाचा हेवा वाटला होता. माझ्यासाठी तो माणूस एक पूल ओलांडेना, आणि सकाळी हात जोडून स्वतःशीच बोललेल्या एका वाक्यासाठी एसटीची वाट बघत बसला.

त्यानंतर त्याला एक सवय लागली. संध्याकाळी पडवीतून उठताना चपला सरकवत विचारायचा, "उद्या काय?" म्हणजे उद्या कुठं जायचं असेल तर सांग, धारायला बरं. कधी आरे-वारे म्हणायचो, कधी बागेत, कधी हर्णेला एकाकडे लग्न. मला हे नाक्यावरच्या चौकशीसारखं वाटायचं. मुद्दाम सांगायचो, "उद्या काही नाही, ऐनवेळी ठरवू." तो मान हलवायचा. पण ऐनवेळी कुठंही न्या, तो मोकळा असायचा. अडला म्हणून कधी आठवत नाही. मी त्याचा अर्थ असा लावला, की स्वारी जरा ढिली पडलीय, आणि मनातून खूश झालो.

गेल्या पावसाळ्यात मात्र घाव बसला. चातुर्मासासाठी गावात एक साध्वीजी मुक्कामाला होत्या. जयंता रोज व्याख्यानाला. एका संध्याकाळी पडवीत जेवण झालं, तांब्या हातात घेतला आणि तो सहज म्हणाल्यासारखा म्हणाला, "नाटक सोडलं रे. करायचंही नाही, बघायचंही नाही."

मी म्हटलं, "आणि मी?"

"तू काय नाटक आहेस?"

"तर काय आहे?" मी म्हटलं. आत शुभा हसली. मी नाही हसलो. मी उठून उभा राहिलो आणि पडवीला शोभेल अशा आवाजात म्हणालो, "भजी सोडलीस, बटाटा सोडलास, आंबा सोडलास, आज नाटक सोडलंस. उद्या मलाही सोडशील."

माझी अपेक्षा होती, की तो म्हणेल, वेडा आहेस का. प्रॉम्प्टरला एवढं तर सुचायला हवं. त्यानं सूर्याकडं बघितलं, तो टेकत होता. शेवटचा घोट घेतला, हात जोडले, आणि म्हणाला, "बघू."

बघू. इतक्या वर्षांत त्यानं मला दिलेलं सगळ्यात वाईट वाक्य.

तो त्यानंतरही येत राहिला, पण मी ते 'बघू' उशीखाली घेऊन झोपू लागलो. दिवाळी सरली आणि त्याचं हृदय कुरकुरायला लागलं. पायांवर सूज, जिना बंद, मग चालणंच बंद. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. घरचे घाबरे झाले, आणि हा पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला, "दिन्या, डॉक्टर आपल्यातला निघाला." मी रोज जाऊन बसत होतो, गावातल्या गप्पा लावत होतो, नव्या प्रॉम्प्टरची टिंगल करत होतो. तो ऐकायचा, हसायचा. पण 'उद्या काय?' विचारणं त्यानं बंद केलं. मी जिन्याशी जाऊन मुद्दाम जरा रेंगाळायचो. नाही विचारायचा... माझं शहाणं डोकं सांगायचं, की पलंगावरचा माणूस उद्याचं काय विचारणार? पण माझ्यातला नट म्हणायचा, हा आजार नाही, हा नियम आहे. भजी, बटाटा, आंबा, नाटक, मी. क्रमानं आलंच की. विचारायची छाती झाली नाही. एका संध्याकाळी घरी आलो आणि पडवीतली त्याची खुर्ची उचलून आत, जुन्या कपाटाच्या मागं टाकली. शुभा बघत होती.

त्याच्या प्रार्थनासभेत लोक उठून उठून बोलले. कुणी म्हणालं, त्यांनी तूप सोडलं होतं. कुणी म्हणालं, दूध. व्यापारी संघाचे एक गृहस्थ म्हणाले, जयंतीभाई चातुर्मासात पायात चपलासुद्धा घालत नसत. प्रत्येकाकडे जयंतानं सोडलेली एकेक वस्तू होती आणि जो तो ती अभिमानानं दाखवत होता. मी प्रत्येकाचा हेवा करत बसलो होतो, आणि मनात एकच: हे सगळं सोडलेलं मांडलंय, यात माझीही जागा आहे का? मला बोलायला उठवलं. सभा, माणसं, माईक, माझ्या हयातीचं भांडवल. दोन वाक्यं बोललो आणि अडकलो. उजवीकडे बघितलं.

तिथं भिंत होती.

परवा-परवाची गोष्ट. आषाढ लागला होता. चंदनवहिनींच्या गच्चीवरचे पत्रे गळत होते, म्हणून एका माणसाला घेऊन गेलो होतो. तो वर चढला, आम्ही त्या खोलीत बसलो. पलंग रिकामा, गादी गुंडाळलेली. वहिनी बोलत होत्या, शेवटच्या महिन्यांचं, बायका बोलतात तसं, काम सांगावं तसं.

"नियम मीच म्हणवून घ्यायची हो. त्यांना दम लागायचा. ते हात जोडायचे, मी एकेक विचारायची. वाहन? नाही. पायताण? नाही. फुलं? नाही. मग दिशा. पूर्वेला पलंग. उत्तरेला पलंग. दक्षिणेला न्हाणीघर. वर छत, खाली जमीन. आणि पश्चिमेला..." त्यांनी पदर सारखा केला. "पश्चिमेला दिन्याच्या पडवीपर्यंत जयणा. बाकी त्याग."

वर पत्र्यावर त्या माणसाचे पाय वाजत होते.

"रोज, दिनूभाई. शेवटच्या सकाळीसुद्धा. मी म्हणायची, अहो, कूस बदलायला माणूस लागतो, तिकडं कुठं जाणार आहात? मिटा ना ती दिशा, उगाच लागतं. पूर्वेला देरासर आहे, रोजचं देवदर्शन तिथलं, ते मिटलं त्यांनी. म्हणाले, आता जाववणार नाही, मग मोकळं कशाला ठेवायचं. म्हटलं, मग पडवीला तरी जाववणार आहे का? तर म्हणायचे, असू दे." वहिनी पलंगाकडं बघत होत्या. "कधीपासूनचं आहे ते. पुलावरून परत आले ना, तेव्हापासून. चारी दिशा आधी तुमच्या उद्याच्या हिशेबानं धारायच्या, मग स्वतःच्या. 'तो ऐनवेळी ठरवतो,' म्हणायचे, 'मोठंच धारून ठेवतो.' जरा जास्तच लागत असेल म्हणून मी बोलायची. पण देरासर मिटलं आणि तुमची पडवी नाही मिटली, ते मात्र..."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, आणि ते मला फार ओळखीचं वाटलं. नटाला आवाज कळतात. तो हेवा होता. साधा, सरळ, जुना मुरलेला हेवा. आयुष्यभर मी या प्रांताचा एकटा राजा समजत होतो स्वतःला, आणि या बाई माझ्यासमोर बसून माझा हेवा करत होत्या. जिना उतरताना मला एवढा आनंद झाला, की शिंप्यानं विचारलं, पत्र्याचं काम स्वस्तात झालं का.

घरी येईपर्यंत तो आनंद टिकला. मग पडवीत पाय ठेवला आणि वरच्या खोलीचा दिवा आठवला. जा नाहीतर नको जाऊ, जे सोडलं नाहीस ते चालूच आहे. मनानं तू तिथंच आहेस, आणि त्याचं तुला लागतं... म्हणजे त्याच्याच कायद्यानं तो सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा माझ्याकडे रोज येत होता. कूस बदलता येत नव्हती आणि मांडवीला येत होता, त्याचं जे काही लागायचं ते लावून घेऊन. आणि मी त्याची खुर्ची कपाटाच्या मागं टाकली होती.

खुर्ची मी त्याच संध्याकाळी बाहेर काढली. आर्द्रा कधीच लागून गेली होती. घरात आंबापोळीचा डबा आहे, मी त्याला हात लावलेला नाही, आणि या खेपेला कुणाला सांगितलेलंही नाही, तुम्हाला सोडून. शुभा अजून दिवस कलायच्या आत पाणी उकळते. का, ते मी विचारत नाही. समुद्रावरून झड येते तेव्हा पडवी अर्धी ओली होते आणि वेत काळा पडायला लागलाय. ती आतून ओरडते, "अहो, ती खुर्ची आत घ्या, भिजतेय."

मी म्हणतो, "असू दे."